अंत्यविधीची व्यवस्था (महाराष्ट्र)

अंत्यविधीची व्यवस्था म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या निधनानंतर मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळवणे, देह घरी किंवा थेट स्मशानात नेणे, दहन, दफन अथवा देहदान करणे, अस्थी विसर्जित करणे आणि मृत्यूची शासकीय नोंद करून घेणे या कामांची जुळवाजुळव होय. महाराष्ट्रात ही जबाबदारी परंपरेने कुटुंबीय, भावकी, शेजारी व मित्रमंडळी यांच्यावर असते. ही सर्व कामे मोबदला घेऊन करणाऱ्या संस्था मोठ्या शहरांत निघाल्या असल्या, तरी बहुसंख्य ठिकाणी तिरडी बांधणारा माणूस आजही गल्लीतलाच असतो. उष्ण हवामान आणि रूढी या दोन्ही कारणांनी देह फार काळ ठेवला जात नाही. मृत्यूपासून दहनापर्यंतचा अवधी बहुधा एका दिवसाच्या आतला असतो.

या थोड्या वेळात दोन व्यवस्था एकमेकींना समांतर चालतात. एक धर्माची व रिवाजाची, दुसरी कायद्याची व नोंदवहीची. पहिलीतील चूक वडीलधारी मंडळी किंवा पुरोहित जागच्या जागी सांभाळून घेतात. दुसरीतील चूक, उदाहरणार्थ दाखल्यातील नावाची एखादी वेलांटी, वारसांना पुढे अनेक महिने निस्तरावी लागते. नेत्रदान आणि देहदान यांचे निर्णयही याच काही तासांत घ्यावे लागतात.

पार्श्वभूमी

अंत्येष्टी हा हिंदूंच्या सोळा संस्कारांपैकी शेवटचा संस्कार मानला जातो. मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात ‘अंत्येष्टिपद्धती’ हा ग्रंथ रचला. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांचा ‘धर्मसिंधू’ (इ.स. १७९० च्या सुमारास) हा ग्रंथ आशौच आणि श्राद्धविषयक निर्णयांसाठी महाराष्ट्रातील पुरोहित आजही उघडतात. ग्रंथातील विधी आणि गावचा रिवाज यांत अंतर असते, आणि वाद उद्भवल्यास बहुधा रिवाजच टिकतो.

गावगाड्यात मयताची बरीच कामे वतनाने नेमून दिलेली होती. परगावच्या नातलगांना मृत्यूची वर्दी पोहोचवणे आणि सरणाची लाकडे वाहणे ही कामे महार समाजाकडून करून घेतली जात. मोबदल्यात प्रेतावरचे वस्त्र त्यांना दिले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशी अपमानकारक कामे सोडण्याचे आवाहन केले, आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. वर्दीचे काम आता भ्रमणध्वनीने होते. जातवार स्मशाने मात्र अनेक गावांत टिकून राहिली. ज्या वस्त्यांना स्वतःची जागा नाही किंवा जागा असून शेड नाही, तेथे पावसाळ्यात चितेवर पत्रे धरून दहन करण्याची वेळ येते.

मृतांच्या अंत्यसंस्कारासाठी जागा राखणे व तिचे नियमन करणे हे महानगरपालिका आणि नगरपालिका यांचे कायद्याने ठरवून दिलेले कर्तव्य आहे. ग्रामीण भागात दहन व दफनभूमीच्या सोयींसाठी ग्रामपंचायतींना जनसुविधा अनुदानातून निधी मिळतो. सार्वजनिक स्मशानाबाहेर दहन हा अपवाद आहे. लोकमान्य टिळक यांच्यावर १ ऑगस्ट १९२० रोजी गिरगाव चौपाटीवर आणि डॉ. आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर झालेले अंत्यसंस्कार असे अपवादात्मक होते. दादरच्या त्या जागी पुढे चैत्यभूमी उभी राहिली.

मृत्यूनंतरचे पहिले तास

रुग्णालयात मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना ४) रुग्णालयच तयार करते आणि नोंदणीची माहितीही तेच निबंधकाकडे पाठवते. घरी मृत्यू झाल्यास अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४-अ मधील प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे प्रमाणपत्र कोणतेही शुल्क न घेता द्यावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अडचण येते ती निराळी: वृद्ध व्यक्ती वर्षानुवर्षे कोणत्याच डॉक्टरकडे गेलेली नसते, मृत्यू मध्यरात्री होतो आणि न तपासलेल्या माणसाच्या मृत्यूचे कारण लिहून देण्यास कोणी धजत नाही. म्हणूनच घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेला रुग्ण असल्यास जवळच्या डॉक्टरांना अधूनमधून बोलावून त्याची तपासणी करून घेतलेली उपयोगी पडते.

अपघात, आत्महत्या, विषबाधा, सर्पदंश, भाजणे, संशयास्पद किंवा अज्ञात कारणाने झालेला मृत्यू अशा प्रसंगी पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात व गरजेनुसार देह शवविच्छेदनासाठी पाठवतात. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा मृत्यू झाल्यास कायद्यात अधिक कडक चौकशी सांगितली आहे. पुरेशी उपकरणे व प्रकाशव्यवस्था असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली; खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह व घातपाताचा संशय अशी प्रकरणे त्यातून सर्वसाधारणपणे वगळली आहेत. तरीही तालुक्याच्या ठिकाणी सकाळपर्यंत थांबावे लागणे नेहमीचे आहे, आणि नातेवाइकांना अंत्ययात्रेची वेळ कळवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे लागते.

रुग्णालयाचे देयक थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्वीकारलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट केले आहे. देह ताब्यात घेताना अंगावरचे दागिने मोजून घेण्याची आणि त्याची लेखी पोच देण्याची पद्धत असते. मृत व्यक्तीच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर ते रुग्णालयात किंवा स्मशानातील कर्मचाऱ्यांना आवर्जून सांगावे लागते. या यंत्रातील विद्युतघट उष्णतेने फुटतो, त्यामुळे दहनापूर्वी ते काढून टाकणे आवश्यक असते.

परदेशातून किंवा दूरच्या गावाहून मुलगा अथवा मुलगी येणार असेल तर देह शवागारात किंवा भाड्याने मिळणाऱ्या शीतपेटीत ठेवला जातो. ‘शेवटचे तोंड पाहायचे’ या इच्छेपोटी किती वेळ थांबायचे, यावरून घरोघरी मतभेद होतात. शीतपेटी सहज मिळू लागल्यापासून हा कालावधी वाढला आहे.

नेत्रदान आणि देहदान

नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीला दूरध्वनी केल्यावर पथक घरी येते. तोपर्यंत मृताच्या पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवणे, डोक्याखाली उशी देणे आणि पंखा बंद करणे एवढी काळजी पुरेशी असते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा वय यांमुळे नेत्रदान अडत नाही. काढून घेतला जातो तो बहुधा डोळ्याचा पारदर्शक पडदा अथवा नेत्रगोल, आणि त्याने चेहरा विद्रूप होत नाही. मृताने हयातीत अर्ज भरला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. याउलट अर्ज भरलेला असूनही त्या धावपळीत कोणालाच न आठवल्याने राहून गेलेली नेत्रदानेही कमी नाहीत. मृत्यूची वार्ता सांगण्यासाठी जो पहिला दूरध्वनी केला जातो त्याआधी नेत्रपेढीला दूरध्वनी व्हावा, असा आग्रह या क्षेत्रातील कार्यकर्ते धरतात तो याचमुळे.

देहदान वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे केले जाते. त्याला १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाचा आधार आहे. शवविच्छेदन झालेले, अपघातात छिन्नविच्छिन्न झालेले किंवा विशिष्ट संसर्गजन्य आजारांनी मृत झालेल्या व्यक्तींचे देह सहसा स्वीकारले जात नाहीत. नेत्रदान केलेला देह मात्र स्वीकारला जातो. मृताने इच्छापत्र केले असले तरी देह सोपवायचा असतो वारसांनीच, त्यामुळे एकाही जवळच्या नातलगाचा तीव्र विरोध असल्यास महाविद्यालये माघार घेतात. देहदान केल्यावर अस्थी मिळत नाहीत. ही गोष्ट आधी माहीत नसल्यास दशक्रियेच्या वेळी कुटुंबात पेच पडतो. अशा वेळी काही कुटुंबे केवळ पिंडदान करतात, तर काही केवळ स्मृतिसभा घेतात.

मृत्यूची नोंद

भारतात मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये होते. नोंद मृत्यू जेथे घडला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे करायची असते, मृताच्या कायमच्या पत्त्यावर नव्हे. सातारा जिल्ह्यातील रहिवासी पुण्याच्या रुग्णालयात वारल्यास दाखला पुण्याचा मिळतो, दहन गावी झाले तरी. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने गावच्या ग्रामपंचायतीत खेटे घालणारे अनेक असतात. घरी झालेल्या मृत्यूची माहिती देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची किंवा त्याच्या अनुपस्थितीत जवळच्या नातलगाची असते. स्मशान अथवा दफनभूमीच्या रखवालदारानेही नोंद कळवावी, अशी कायद्यात तरतूद आहे, आणि स्मशानातील नोंदवहीचे महत्त्व त्यामुळेच आहे. पुण्यासारख्या काही शहरांत दहनापूर्वी महानगरपालिकेचा ‘पास’ काढावा लागतो आणि तो डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवल्यावरच मिळतो.

मृत्यूनंतर २१ दिवसांच्या आत नोंद केल्यास शुल्क पडत नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, ३० दिवस ते एक वर्ष या काळात वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हा आदेश जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी अथवा त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. पूर्वी त्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जावे लागे. माहिती देणाऱ्याला दाखल्याची पहिली प्रत विनामूल्य मिळते. मृत्यूचे कारण नोंदवहीत लिहिलेले असते, परंतु ते दाखल्यावर छापण्यास कायद्याने मनाई आहे.

सर्वाधिक घोटाळा नावाचा होतो. महाराष्ट्रात विवाहानंतर स्त्रीचे केवळ आडनावच नव्हे, तर पहिले नावही बदलण्याची प्रथा दीर्घकाळ होती. परिणामी एकाच वृद्धेचे शाळेच्या दाखल्यात एक, रेशनकार्डावर दुसरे आणि सातबारा उताऱ्यावर तिसरे नाव आढळते. घरात हाक मारण्याचे नाव आणखी वेगळे. रुग्णालयात घाईने भरती करताना शेजाऱ्याने सांगितलेले नाव पुढे प्रमाणपत्रात आणि तेथून मृत्यूच्या दाखल्यात उतरते. नंतर बँक, निवृत्तिवेतन कार्यालय आणि तलाठी कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी ‘ही व्यक्ती तीच’ असे सिद्ध करत बसावे लागते. म्हणून माहितीचा अर्ज सांगोवांगी न भरता मृताचे आधारकार्ड समोर ठेवून भरणे, आणि जुन्या कागदांत दुसरे नाव असल्यास ‘उर्फ’ लावून त्याची नोंद करता येते का हे त्याच वेळी विचारणे श्रेयस्कर ठरते. झालेली चूक कलम १५ नुसार दुरुस्त करता येते. किरकोळ लेखनदोष निबंधक स्वतः सुधारू शकतात. मूळ तपशील बदलायचा असल्यास प्रकरण ठाऊक असलेल्या दोन विश्वसनीय व्यक्तींचे प्रतिज्ञापन लागते.

शेतजमिनीवर वारसांची नावे लावण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते, व त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतोच. वारसांत तंटा असेल तेव्हा १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारसा प्रमाणपत्र किंवा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र यांसाठी न्यायालयाचा मार्ग उरतो. विवाहित मुलींची नावे वारसनोंदीतून वगळण्याचा प्रयत्न याच टप्प्यावर होत असल्याने दिवसकार्य संपताच त्यांच्याकडून सह्या घेण्याची घाई अनेक घरांत दिसते.

अंत्ययात्रा आणि दहन

हिंदू पद्धतीत देहाला स्नान घालून नवे वस्त्र नेसवतात, मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालतात. सवाष्णीला हिरवी साडी, हळदकुंकू व ओटी असा मान देतात. तिरडी दोन लांब कळकांवर आडव्या कामट्या सुतळीने बांधून तयार होते. तिरडी, मडके, पांढरे कापड, गुलाल, बुक्का हे मयताचे सामान शहरांत मोठ्या रुग्णालयांजवळच्या ठरावीक दुकानांत एकत्र मिळते. मडक्यात विस्तव घेऊन ते शिंकाळ्यात धरणारा कर्ता पुढे चालतो. वाटेत एका ठरलेल्या जागी तिरडी खाली ठेवून खांदेकरी जागा बदलतात; या जागेला विसावा म्हणतात आणि अनेक गावांत ती चौथऱ्याने कायमची आखलेली असते.

चितेभोवती कर्ता पाण्याचे मडके खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या घालतो व प्रत्येक फेरीस मडक्याला दगडाने भोक पाडले जाते. हा दगड म्हणजे अश्मा किंवा जीवखडा. तो जपून ठेवतात व दहाव्या दिवसापर्यंतच्या तिलांजलीसाठी वापरतात. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या नक्षत्रांवर, म्हणजे पंचकात मृत्यू आल्यास दर्भाचे अथवा पिठाचे पुतळे देहासोबत जाळण्याची रूढी आहे. पंचकाच्या भीतीपोटी दहन पुढे ढकलण्याचे मात्र कारण नसते. पुत्तलविधी सांगितला आहे तो त्याच दिवशी दहन करता यावे म्हणूनच.

लाकडाच्या चितेला साधारण तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागते. पावसाळ्यात ओले लाकूड आल्यास ते अधिक लागते आणि वेळही वाढतो. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या स्मशानभूमीत प्रामुख्याने शेणी वापरतात. तेथील महानगरपालिका अंत्यसंस्कारासाठी शुल्क घेत नाही आणि नागरिक होळीच्या सुमारास शेणी दान करतात. मुंबईतील चंदनवाडी व दादरचे शिवाजी पार्क, पुण्यातील वैकुंठ अशा स्मशानभूमींत विद्युत किंवा वायुदाहिनीची सोय आहे. दाहिनीत दहनास साधारण एक ते दीड तास लागतो, राख त्याच दिवशी मिळते आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. तरीही लाकडाची चिता मागणारी कुटुंबे बरीच आहेत. कपालक्रिया करता येत नाही, अग्नी स्वतःच्या हाताने देता येत नाही, हे त्यांचे मुख्य आक्षेप असतात. अनेक ठिकाणी दाहिनीच्या तोंडाशी कापूर ठेवून अग्नी देण्याची तडजोड रूढ झाली आहे. दाहिनीत नेण्यापूर्वी हार, प्लास्टिक, काच आणि धातूच्या वस्तू काढाव्या लागतात, हे आधी कळल्यास ऐनवेळी वाद होत नाहीत.

बौद्ध समाजात त्रिशरण-पंचशील घेऊन दहन होते व पुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला जातो. पिंडदान, काकस्पर्श हे विधी केले जात नाहीत. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात पुरोहितावाचून करावयाच्या संस्कारांबरोबर अंत्यविधीचाही विचार केला आहे, आणि सत्यशोधक पद्धतीचे अंत्यविधी आजही होतात.

दफन आणि अन्य पद्धती

हिंदू म्हणवणाऱ्या सर्वच समाजांत दहन होत नाही. लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत, विभूती व इष्टलिंगासह भूमीत ठेवतात. नाथपंथी, गोसावी व महानुभाव यांच्यातही भूमीत समाधी देण्याची परंपरा आहे. संन्याशांचे आणि लहान मुलांचे देह अन्य समाजांतही पुरले जातात. शहरात बदलून आलेल्या अशा कुटुंबांची खरी अडचण जागेची असते, कारण हिंदू स्मशानभूमीत दफनासाठी वेगळा तुकडा असतोच असे नाही. कोणत्या स्मशानात ही सोय आहे याची चौकशी महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात करावी लागते.

मुस्लिम समाजात गुस्ल (स्नान), कफन, जनाजाची नमाज व दफन हा क्रम असतो आणि शक्य तितक्या लवकर दफन करण्यावर भर असतो. महाराष्ट्रात किबला पश्चिमेस येत असल्याने कबर उत्तर-दक्षिण खोदून चेहरा पश्चिमेकडे करतात. कब्रस्तानाचे विश्वस्त आपल्या वहीत नोंद घेतात. तथापि ती पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, तो महानगरपालिकेकडूनच घ्यावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबांत प्रथम धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना कळवून मिस्साची व दफनाची वेळ ठरवतात. मुंबईत जागेच्या टंचाईमुळे कबरी ठरावीक काळानंतर पुन्हा वापरल्या जातात व अस्थी भिंतीतील कोनाड्यांत हलवल्या जातात.

पारशी समाजाची परंपरागत जागा मुंबईत मलबार टेकडीवरील डुंगरवाडी ही आहे. पशुवैद्यकात वापरल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, परंतु दख्म्यांची मूळ व्यवस्था पूर्ववत झाली नाही. आता तेथे सूर्यकिरण एकवटणाऱ्या भिंगांचे साहाय्य घेतले जाते. दहन स्वीकारणाऱ्या पारशी कुटुंबांसाठी वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून प्रार्थनागृह आहे.

करोना साथीत मुंबई महानगरपालिकेने ३० मार्च २०२० रोजी, धर्म कोणताही असो, बाधितांच्या देहांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि ते त्याच दिवशी बदलले. वांद्रे येथील दफनभूमीत अशा देहांच्या दफनास विरोध करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फेटाळली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले.

स्त्रियांचा सहभाग

स्त्रियांनी स्मशानात जाऊ नये हा संकेत महाराष्ट्रात पुष्कळ सैल झाला असला तरी संपलेला नाही. मुलगी, पत्नी किंवा सून यांनी अग्नी देण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुलगा नसल्यास पुतण्याला किंवा जावयाला शोधण्याची सक्ती नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव फुले यांचे निधन झाल्यावर सावित्रीबाई टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या पुढे चालल्याचे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने पौरोहित्य शिकवलेल्या स्त्रिया मराठी अर्थासह अंत्येष्टी आणि श्राद्धविधी चालवतात.

पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे या गोष्टी तिरडी उचलण्याच्या वेळीच केल्या जातात. शिरोळ तालुक्यातील हेरवाड (जि. कोल्हापूर) या गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ठराव असूनही प्रत्यक्ष त्या क्षणी ‘राहू दे, हात लावू नका’ असे म्हणणारी वडीलधारी बाई घरात असावी लागते. मृत्यूनंतरची तयारी करताना मुलांनी हे आधी ठरवून ठेवल्यास ते शब्द विधवेला स्वतः उच्चारावे लागत नाहीत.

अस्थी आणि दिवसकार्य

पहिल्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. शेजारी किंवा सोयरे पिठलेभात अथवा भाकरी आणून देतात, त्याला काही भागांत कडू घास म्हणतात. मृत्यूच्या जागी पिठावर दिवा लावून वर पाटी झाकतात आणि सकाळी पिठावर कशाची पावले उमटली ते पाहतात. शास्त्राने अस्थिसंचयन तिसऱ्या दिवशी सांगितले असले, तरी शहरांत राख बहुधा दुसऱ्याच दिवशी सावडतात, कारण चितेची जागा मोकळी करावी लागते. नाशिकचे रामकुंड, आळंदी, पंढरपूर, वाई, साताऱ्याजवळील संगम माहुली, नृसिंहवाडी ही अस्थिविसर्जनाची प्रसिद्ध ठिकाणे होत. नदीत राख न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यात अस्थी पुरून झाड लावण्याची पद्धतही अलीकडे वाढली आहे.

दहाव्या दिवशी घाटावर पिंडदान होते व कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा न शिवल्यास मृताची कोणती इच्छा राहिली याचा अंदाज घेत नातेवाईक एकेक आश्वासन देऊ लागतात. अखेर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करण्याची सोय आहे. पुण्यात ओंकारेश्वराचा घाट, मुंबईत बाणगंगा येथे हे विधी चालतात. बारावे, तेरावे व गोडजेवण होऊन सुतक फिटते. पश्चिम महाराष्ट्रात दशक्रियेला प्रवचन ठेवतात आणि सोयऱ्यांकडून दुखवट्याचे कपडे येतात. दहनाचा खर्च शहरात काही हजारांत भागतो. कर्ज होते ते बहुधा या दहाव्या-तेराव्याच्या जेवणावळींनी. कर्मचारी राज्य विमा योजनेतील विमाधारक कामगाराच्या मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते, ती मागण्याचे मात्र अनेकांकडून राहून जाते.

परगावी किंवा परदेशी मृत्यू

राज्याबाहेर मृत्यू झाल्यास तेथील दाखला किंवा डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत घेतल्याशिवाय शववाहिकेने निघू नये. गावच्या स्मशानात व पुढील नोंदीत त्याची गरज पडते. विमानाने देह नेण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलिसांचा ना-हरकत दाखला, देह रसायनाने टिकवल्याचे प्रमाणपत्र आणि बंद शवपेटी लागते. देह मालवाहतूक विभागातून सुटतो, प्रवाशांच्या दारातून नव्हे. नातलगांनी विमानतळाच्या त्याच बाजूला थांबायचे असते.

आखाती देशांत किंवा अन्यत्र भारतीय नागरिक वारल्यास भारतीय दूतावास मृत्यूची नोंद करतो, पारपत्र रद्द करतो आणि देह पाठवण्यास ना-हरकत देतो. असे देह भारतात आणण्याच्या आरोग्यविषयक परवान्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘ई-केअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. खर्च आणि विलंब पाहता अनेक मराठी कुटुंबे तेथेच दहन करून केवळ अस्थी आणतात. बंद कलश, दहनाचे प्रमाणपत्र व मृत्यूचा दाखला जवळ असल्यास अस्थी सोबत आणता येतात. विमान कंपनीला मात्र ते आधी कळवावे लागते.